वनस्पतिवृद्धीवरील जलवायुमानाच्या मर्यादा

वनस्पतींच्या वाढीस उष्णता, पाणी व प्रकाश ही तिन्ही आवश्यक असतात. तथापि वाढीचा वेग त्यांपैकी जो घटक गरजेच्या मानाने सर्वांत अपुरा असेल, त्यावरून ठरतो. अशा घटकास मर्यादाकारी घटक म्हणतात. ब्रिटिश वनस्पतिवैज्ञानिक एफ. एफ. ब्लॅकमन यांनी 1905 मध्ये प्रकाशसंश्लेषणाच्या संदर्भात हे तत्त्व मांडले. टंड्रा प्रदेशात उष्णता, विषुववृत्तीय वर्षावनांत ढगाळ हवेमुळे प्रकाश, तर निमशुष्क प्रदेशांत पाणी वाढीस मर्यादा घालते. रामकृष्ण नेमाणी व त्यांचे सहकारी यांच्या 2003 मधील अभ्यासानुसार वनस्पतींनी आच्छादलेल्या भूपृष्ठापैकी सु. 40% भागावर पाणी, 33% भागावर तापमान व 27% भागावर सौर प्रारण हा प्रमुख मर्यादाकारी घटक आहे.

लातूर जिल्ह्यात मांजरेची उपनदी रेणा हिच्या काठी वसलेले रेणापूर यांपैकी पहिल्या गटात मोडते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भागात वार्षिक पर्जन्य सर्वसाधारणपणे 700 ते 800 मिमी. असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. बाष्पीभवन व बाष्पोच्छ्‌वास यांची वार्षिक संभाव्य मागणी मात्र सु. दुप्पट असते. हिवाळा सौम्य व ऊन भरपूर असल्याने वाढ अडते ती पाण्यापाशी. पाणी कमी पडताच पानांवरील त्वग्रंध्रे मिटतात. त्यामुळे ओलावा वाचतो, परंतु कार्बन डाय-ऑक्साइडाचा प्रवेशही रोखला जाऊन अन्ननिर्मिती मंदावते. पळस पाने गाळून हा काळ काढतो व निष्पर्ण अवस्थेतच फुलतो. बाभूळ खोल मुळांवर तग धरते. माळावरील गवते वाळतात, पण त्यांचे बी किंवा बुडखे जिवंत राहतात.

केवळ पर्जन्यमानावरून मात्र येथील वनश्रीचा उलगडा होत नाही. एकाच पावसात मुरमाड माळावर खुरटे गवत, तर नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत उत्तम रब्बी ज्वारी येते. अशी एक मीटर खोल जमीन पिकास उपलब्ध होणारे सु. 200 मिमी. पाणी साठवू शकते. पाऊस संपल्यावर ज्वारी मुख्यतः या ओलीवर वाढते. उलट, झडीच्या दिवसांत याच जमिनीत पाणी साचते आणि मुळांना हवा न मिळाल्याने तूर पिवळी पडते. ‘काळी जमीन सुपीक’ हे सरसकट विधान म्हणूनच अपुरे आहे.

सिंचनाने ही मर्यादा दूर सरकते, नाहीशी होत नाही. ज्वारी व ऊस ही दोन्ही उष्ण हवामानात कार्यक्षम प्रकाशसंश्लेषण करणारी तृणकुलातील पिके होत; परंतु ज्वारी चार-साडेचार महिन्यांत उरकते, तर ऊस बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ शेतात राहतो आणि त्यास सु. 2,000 ते 2,500 मिमी. पाणी लागते. स्थानिक पावसाच्या तिप्पट असलेली ही गरज धरणे व विंधन विहिरी यांतून, म्हणजे अन्य क्षेत्रांवर व अन्य वर्षांत पडलेल्या पावसातून, भागवावी लागते. सलग अवर्षणानंतर मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा एप्रिल 2016 मध्ये लातूर शहरास पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले.