रोजचा परवलीचा शब्द

जर्मनीत राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आकाशकंदील म्हणून जे लटकतं, तो खरं तर हेर्नहूटचा तारा असतो. पंचवीस टोकांचा, कागदाचा नाहीतर प्लास्टिकचा, पिवळा किंवा लाल. दुकानांत तो येतो नाताळसाठी, पण आपण तो दिवाळीलाच खिडकीत लावतो आणि शेजारी म्हणतात, यांना सणाची फारच घाई दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेर्नहूटच्या मंडळींच्या एका निवासी शाळेत मुलांना भूमिती शिकवताना हा तारा जन्माला आला. त्याच गावाची आणखी एक वस्तू हजारो जर्मन घरांत असते, पण ती खिडकीत लटकत नसल्यामुळे आपल्या नजरेस पडत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चष्म्याच्या डबीशेजारी किंवा औषधांच्या गोळ्यांजवळ ठेवलेलं, खिशात मावेल एवढं निळ्या कव्हरचं पुस्तक. त्याचं नाव 'लोझुंगन'. वर्षाच्या प्रत्येक तारखेला बायबलमधली दोन वचनं आणि त्यांखाली एखाद्या गीताचं कडवं किंवा छोटी प्रार्थना, एवढंच त्यात असतं.

मी मूळची नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं), घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. गेली सतरा वर्षं सॅक्सनीत आहे आणि एका वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून काम करते. हे निळं पुस्तक मला पहिल्यांदा तिथेच दिसलं. सकाळी सहाला रात्रपाळी आणि दिवसपाळी समोरासमोर येते. कोण जेवलं नाही, कुणाचं बीपी वाढलं, हे सांगून झालं की कुणीतरी त्या दिवसाचं वचन वाचतं. अर्धं मिनिटही लागत नाही. पूर्व जर्मनीत बहुसंख्य माणसं कुठल्याच चर्चची नाहीत आणि आमचे बरेचसे सहकारीही नाहीत, पण त्या अर्ध्या मिनिटात कॉफीचा कप कुणी खाली आपटत नाही.

हेर्नहूट ड्रेस्डेनच्या पूर्वेला आहे, पोलंड आणि चेक सीमेच्या जवळ. 1722 साली मोराव्हियातून धर्मासाठी घरदार सोडून आलेल्या लोकांना काउंट झिंझेनडॉर्फ या तरुण जहागीरदाराने आपल्या जमिनीवर आसरा दिला आणि गाव वसलं. म्हणजे गाव मुळात स्थलांतरितांचं. मे 1728 मध्ये झिंझेनडॉर्फने संध्याकाळच्या सभेत दुसऱ्या दिवसासाठी एक ओळ दिली आणि सकाळी ती घरोघरी जाऊन सांगण्यात आली. पुढे हा रोजचा रिवाज झाला. 1731 मध्ये वर्षभराच्या वचनांचं पहिलं पुस्तक छापलं, आणि तेव्हापासून एकही वर्ष खंड नाही. 2025 चं पुस्तक 295 वं. आज ते पन्नासहून जास्त भाषांत निघतं. याच मंडळींचे मिशनरी एकोणिसाव्या शतकात लाहोलमधल्या केलाँगला आणि मग लेहला पोचले. लेहमधली त्यांची शाळा अजून चालू आहे. आणि 2024 च्या जुलैत हेर्नहूटला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत. त्या दिवशी मी विनाकारण दिवसभर खूश होते.

'लोझुंग' म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगायचा परवलीचा शब्द. मला ही कल्पना फार आवडते. परवलीचा शब्द काही उपदेश करत नाही. तो आपण कुठल्या बाजूचे आहोत एवढंच सांगतो आणि दुसऱ्या दिवशी बदलतो.

आता ही वचनं निवडतात कशी? चिठ्ठ्या टाकून. जुन्या करारातली सुमारे अठराशे वचनं क्रमांक घालून ठेवलेली आहेत, आणि हेर्नहूटमध्ये वर्षातून एकदा बसून पुढल्या एका सबंध वर्षासाठी एकेक चिठ्ठी उचलतात. छपाईला, भाषांतरांना वेळ हवा म्हणून हे काम काही वर्षं आधीच उरकलेलं असतं. म्हणजे आज सकाळी मी जे वाचलं, ते माझ्या आजच्या कटकटी जन्मालाही आल्या नव्हत्या तेव्हा ठरलेलं होतं.

हे ऐकून मंडळातल्या एका कोकणी काकूंनी लगेच विचारलं, "म्हणजे तुमच्यातही कौल लावतात म्हणा की!" पाकळी उजवीकडून पडली तर होय, डावीकडून पडली तर नाही. काकूंचा प्रश्न चुकीचा नव्हता. अठराव्या शतकात हेर्नहूटची मंडळी लग्नं जमवतानासुद्धा चिठ्ठ्या टाकत असत. आणि आमच्या नगरच्या घरीही वचनांची पेटी होतीच. आगपेटीहून थोडी मोठी, आत गुंडाळलेल्या कागदांच्या सुरळ्या. वाढदिवस, परीक्षेची सकाळ, वर्षाची शेवटची रात्र, असं काही असलं की एक सुरळी काढायची. माझा भाऊ मनासारखं निघालं नाही तर सुरळी परत टाकून दुसरी काढायचा आणि आई त्याचा कान धरायची. खरं तर त्या पेटीत सगळी गोडच वचनं असायची. रागावणारी, हिशेब मागणारी वचनं छापणाऱ्यांनी आधीच वगळलेली.

निळ्या पुस्तकात ती सोय नाही. तिथे कडक बोलणारी वचनंही येतात, आणि येतात ती कुणाच्या सोयीने नाही. शिवाय दुसरं वचन, नव्या करारातलं, चिठ्ठीने काढत नाहीत. पहिल्याचा विचार करून, त्याला साजेसं ते माणूस निवडतो. ही जोडी मला शहाणपणाची वाटते. नशिबाने हाती आलं ते घ्यायचं, पण डोकं बाजूला ठेवायचं नाही.

कारण वचन हाती आलं म्हणजे ते आपल्याला लागू झालंच असं नसतं. इथल्या लग्नांत रूथच्या पुस्तकातलं एक वचन फार लोकप्रिय आहे. तू जिथे जाशील तिथे येईन, तुझे लोक ते माझे लोक, अशा आशयाचं. नवरा-नवरी एकमेकांकडे बघत असतात, पाहुणे डोळे पुसत असतात. पण मूळ गोष्टीत हे शब्द विधवा सून आपल्या विधवा सासूला म्हणते! परक्या मुलखातली रूथ, पोट भरायला सासूच्या गावी निघालेली. जर्मन लग्नात हे ऐकलं की मला हसू आवरत नाही. आपल्याकडे एखाद्या नवरीने मांडवात हे सासूला म्हणून दाखवावं, मग बघू कोण रडतं ते.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायाचंही तसंच. त्यातलं अकरावं वचन, देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत असं सांगणारं, शुभेच्छापत्रांवर, कपांवर, मोबाईलच्या कव्हरवर असतं. व्हिसाचा अर्ज केला की मला ते हमखास कुणीतरी पाठवतं. पण तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यरुशलेमहून आलेलं. त्यात अकराव्याच्या आधी लिहिलं आहे की तिकडे घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्या शहराचं भलं बघा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. परत येणं होईल, पण सत्तर वर्षांनी. हे पत्र उघडणाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील? त्यांना पुढच्या महिन्यातलं तिकीट हवं होतं. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यातलं कुठलं वचन जास्त लागू पडतं, अकरावं की सातवं? अकरावं भिंतीवर शोभतं. सातवं ऐकायचं तर सोसायटीच्या मीटिंगला जावं लागतं, मुलांच्या शाळेत पालकांच्या बैठकीला बसावं लागतं, समोरच्या फुटपाथवरचा बर्फ आपल्या पाळीच्या आठवड्यात सकाळी सातच्या आत काढावा लागतो.

या विषयावर डीट्रिख बोनहोफर यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. हिटलरला विरोध करणारे हे तरुण धर्मशास्त्रज्ञ रोज लोझुंगन वाचणाऱ्यांपैकी. जून 1939 मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. मित्रांनी तिथे सुरक्षित काम बघून ठेवलं होतं. पण त्यांचा जीव लागेना. अशात एक दिवस वाचताना पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं एक वाक्य समोर आलं: हिवाळ्याआधी येण्याचा प्रयत्न कर, एवढाच त्याचा मतलब. त्यात ना सिद्धांत, ना आज्ञा. तुरुंगातला एक म्हातारा माणूस आपल्या तरुण मित्राला बोलावतो आहे; थोडं वर त्याने त्रोवसला राहिलेला झगा आणि पुस्तकंही आणायला सांगितली आहेत. बोनहोफर यांना हे सगळं आपल्याहून शंभरपट जास्त ठाऊक होतं. तरीही त्यांनी डायरीत नोंदवलं की हे वाक्य मला उद्देशून आहे असं मी मानलं, तर तो शास्त्राचा गैरवापर होणार नाही. जुलैच्या सुरुवातीला ते जहाजात बसले. एप्रिल 1943 मध्ये त्यांना अटक झाली आणि 9 एप्रिल 1945 ला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी.

वचनाने त्यांना परत पाठवलं असं मी म्हणणार नाही. परत जायचं की नाही याच्याशी ते दोन आठवडे झगडत होते. वचनाने फार तर दाराची कडी काढली. पण भावाप्रमाणे त्यांनी सुरळी परत टाकून दुसरी उचलली नाही, हेही खरं.

एवढ्या मोठ्या माणसाची गोष्ट बाजूला ठेवू. आमच्याकडे एक आजी होत्या. इथे प्रोटेस्टंट मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास कन्फर्मेशन होते, आणि तेव्हा प्रत्येकाला एक वचन मिळतं, आयुष्यभरासाठी. या आजींची कन्फर्मेशन पूर्व जर्मनीतली, 1956 ची. सरकारने त्याच्या तोडीस तोड स्वतःचा युवकांचा शपथविधी सुरू केला होता, आणि चर्चचा रस्ता धरणाऱ्या मुलांना पुढच्या शिक्षणात आडकाठी येई. आजींनाही आली. डॉक्टर व्हायचं होतं, शिलाईच्या कारखान्यात आयुष्य गेलं. शेवटी स्मृतिभ्रंशात त्यांना मुलाचं नाव आठवत नसे, पण यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायातलं आपलं वचन त्या एकही शब्द न चुकता म्हणत. भिऊ नको, मी तुला नावाने हाक मारली आहे, अशा अर्थाचं.

वॉर्डात कामाच्या घाईत माणसांचे नंबर होतात. "बाराला इंजेक्शन", "सातचं अंथरूण बदला." आजींच्या खोलीचा नंबरही असाच कुणाच्या तरी तोंडी असायचा. त्यांचं ते वचन ऐकल्यापासून मी नंबर बोलायचं सोडलं. प्रत्येकाला आडनावाने, आदराने. मिनिटभर जास्त जातं. आता आमच्या पाळीतल्या दोघी-तिघीही तसंच म्हणतात, त्यांतली एक तर पक्की नास्तिक.

माझ्या नगरच्या आईला या सगळ्यात भारी रस. गेली काही वर्षं आमचा नेम आहे. मी पहाटे घरून निघायच्या आधी निळ्या पुस्तकातला संदर्भ बघते, मराठी बायबलमध्ये तो अध्याय काढते आणि फोनवर तिला वाचून दाखवते. तिच्याकडे तेव्हा सकाळचा चहा होऊन गेलेला असतो. मध्येच ती पंडिता रमाबाईंच्या भाषांतरात काय आहे ते पाहते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवलं. ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. आईचं म्हणणं, वचन पाळायचं तर आधी ते स्वयंपाकघरातल्या भाषेत आलं पाहिजे.

यंदा जूनमध्ये ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालते. वय एक्याऐंशी. भाऊ पुण्याला, त्याच्या नोकरीत रजा नाही. इथे आमच्या जर्मन नागरिकत्वाच्या अर्जाचं चाललेलं. तो मंजूर झाला की भारतीय पासपोर्ट परत करायचा. मुलीचं दहावीचं वर्ष. सहा महिने बिनपगारी रजा घ्यावी, की बाई ठेवून भागवावं, की सगळं आवरून परतच जावं, यावर नवऱ्याशी रात्र-रात्र बोलणं झालं. त्या दिवसांत निळं पुस्तक मी रोज वाचलं. एकाही वचनाने जा म्हटलं नाही आणि राहा म्हटलं नाही. एक दिवस तर गुरांच्या कळपांविषयी काहीतरी होतं. मी चिडून फोनवर तसं म्हटलं, तर आई म्हणाली, "अगं, देवाला तुझ्या रजेचा अर्ज भरायला सांगतेस का?"

मग एका पहाटे मी स्वतःहून तीमथ्याचं ते पत्र काढलं आणि तिला चौथा अध्याय वाचून दाखवला, झगा आणि पुस्तकांसकट. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "हं. डिसेंबरात इथेही पहाटे गारठा असतो बघ."

रजा मिळाली आहे, नोव्हेंबरच्या मध्यापासून चार महिने. पगार नाही. नागरिकत्वाचा अर्ज चालू राहील, मुलगी वडिलांजवळ राहील आणि परीक्षा झाली की येईल. मुंबईचं तिकीट काढलं. आईने यादी पाठवली आहे: पायात घालायचे लोकरीचे मोजे, गुडघ्याला लावायचं मलम, घरी खिडकीत लावतो त्यातला एक तारा, पिवळा, आणि पुढल्या वर्षाचं निळं पुस्तक, मोठ्या अक्षरांचं.