होस्ट बदलताना: प्रॉक्समॉक्स आठवरून नऊवर जाण्याबद्दलचे गैरसमज

प्रॉक्समॉक्स या व्हिएन्नाच्या कंपनीने, एकाच सर्व्हरवर (होस्टवर) अनेक आभासी मशिन आणि कंटेनर चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स व्हीई या प्रणालीची नववी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आणली. तिच्या खालची डेबियन लिनक्स बारावरून तेरावर गेली. आठव्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची मुदत ऑगस्ट २०२६पर्यंतची. तरीही 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' म्हणून अनेक जण हे काम पुढे ढकलतात. पण होस्टमध्ये भोक राहिलं, तर त्यावरचे सगळेच सर्व्हर एकदम उघडे पडतात.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे होस्ट बदलला तरी आतल्या यंत्रणांना त्याचा पत्ताही लागत नाही. आभासी मशिनपुरतं ते बरंचसं खरं आहे. आतलं विंडोज किंवा लिनक्स जसंच्या तसं राहतं, कारण प्रत्येकाची चूल वेगळी असते. कंटेनर मात्र यजमानाच्याच चुलीवर जेवतो. त्याला स्वतःचा कर्नल नसतो. नवव्या आवृत्तीने सी-ग्रुपची, म्हणजे कंटेनरना संसाधनं वाटून देणाऱ्या यंत्रणेची, जुनी पद्धत काढून टाकली आहे. त्यामुळे ज्यांची सिस्टमडी ही सेवा सुरू करणारी प्रणाली २३० किंवा त्याहून जुनी आहे असे कंटेनर, उदाहरणार्थ सेंटओएस ७ आणि उबुंटू १६.०४चे, तिथे चालत नाहीत. ते आधीच नव्या वितरणावर किंवा आभासी मशिनमध्ये हलवावे लागतात.

'स्नॅपशॉट घेतला आहे, आता भीती नाही' हाही धोकादायक समज. स्नॅपशॉट मूळ डेटाच्याच साठवणीवर राहतो. ती डिस्क गेली की दोन्ही गेले. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर हवा.

क्लस्टरमधला एक होस्ट पुढे नेऊन पाहू, बिघडलं तर मशिनं परत आणू, असाही हिशेब केला जातो. चालू मशिन जुन्या होस्टवरून नव्यावर नेता येतं. उलट दिशेची हमी नसते.

'एपीटी अपग्रेड' ही साधी आज्ञा इथे अपुरी पडते. आवृत्ती बदलायला 'डिस्ट-अपग्रेड'च लागते. तीही ब्राउझरमधल्या कन्सोलवरून देऊ नये, कारण मध्येच तो तुटू शकतो. टीमक्स (संपर्क तुटला तरी काम चालू ठेवणारं साधन) किंवा सर्व्हरचा थेट कन्सोल वापरावा.

होस्ट पुन्हा सुरू झाला, पण नेटवर्कच नाही, ही तक्रार नेहमीची. अशा वेळी नेटवर्क कार्ड जळालं असं मानून लोक धावपळ करतात. बहुतेकदा नव्या कर्नलने कार्डाला वेगळं नाव दिलेलं असतं आणि आभासी मशिनना नेटवर्कशी जोडणाऱ्या ब्रिजच्या फाइलमध्ये जुनंच नाव उरलेलं असतं. दूरच्या डेटा सेंटरमध्ये असा होस्ट अडकला, तर एका नावापायी रात्र जाते.

'पीव्हीई८टू९' ही तपासणी यातल्या बऱ्याच अडचणी आधीच दाखवते, पण दुरुस्त एकही करत नाही. म्हणून ती चालवा, प्रत्येक इशारा स्वतः सोडवा, कार्डांची नावं लिहून घ्या आणि बॅकअपमधून एक मशिन खरोखर उभं करून पाहा. हे झाल्याशिवाय होस्टला हात लावू नका.