घरातील बाजारहाट व रोजच्या अन्नाची आखणी : शिक्षकांनी समजून घ्यावयाचा एक विषय

शाळेत येणारे मूल घरून केवळ पाटी-पुस्तक घेऊन येत नाही. सकाळी पोटात काय गेले आहे, हेही ते आपल्याबरोबर घेऊन येते. न्याहारी न केलेल्या मुलाचे लक्ष दुसऱ्या तासालाच फळ्यावरून उडते आणि अशा मुलास मंदबुद्धी ठरविण्याची चूक सहज घडते. घरातील चूल कोणत्या हिशोबाने पेटते, धान्य कधी व कोठून येते, भाजी कोणत्या दिवशी असते व कोणत्या दिवशी नसते, याची माहिती ग्रामीण शिक्षकास म्हणूनच असावयास हवी. त्याशिवाय या विषयात गणित, विज्ञान व परिसर अभ्यास यांचे इतके साहित्य भरलेले आहे की, ते शाळेबाहेर ठेवणे म्हणजे हाताशी आलेले साधन दूर लोटणे होय.

हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. जीवनातील उपयुक्त कामातून शिक्षण व्हावे, हे तिचे मुख्य सूत्र होते. घरातील अन्नाची तरतूद हे तर प्रत्येक घरी, प्रत्येक दिवशी चालणारे काम आहे.

बेगमीची तीन चक्रे

ग्रामीण कुटुंबाची खरेदी तीन चक्रांत चालते : वर्षाची, महिन्याची व आठवड्याची.

वर्षाचे चक्र ऋतूंवर बेतलेले असते. देशावर रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते व तेव्हाच वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची रीत आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी यासाठी प्रसिद्ध आहे. चिंच, मिरची व हळद यांची खरेदी उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात पापड, कुरडया, सांडगे वाळतात आणि कैरीचे लोणचे भरले जाते. उन्हाळी कांदा साठवणीत टिकतो, खरिपाचा कांदा फार दिवस टिकत नाही. म्हणून जाणती गृहिणी मे महिन्यातच कांद्याची पोती चाळीत किंवा माळ्यावर पसरून ठेवते. कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या या तरतुदीस ‘आगोट’ असे नाव आहे. तांदूळ, कुळीथ, आमसुले, सुकी मासळी, मीठ व सरपण यांची जमवाजमव पहिल्या पावसाआधी उरकावी लागते, कारण त्यानंतर वाटा चिखलाने भरतात, मासेमारी थांबते व वाळवण करणे अशक्य होते. भंडारा-गोंदियाकडे हेच चक्र धानाभोवती फिरते, तर खानदेशात दादर ज्वारी व बाजरी यांभोवती. यास्तव एका भागातील नमुना दुसऱ्या भागातील शाळेत जसाच्या तसा शिकवू नये.

महिन्याचे चक्र स्वस्त धान्य दुकान व किराणा दुकान यांच्याशी जोडलेले असते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय योजनेतील प्रत्येक कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य देण्यात येत आहे. तेल, साखर, चहा, डाळ, मीठ व साबण हा माल किराणा दुकानातून येतो.

आठवड्याचे चक्र म्हणजे आठवडी बाजार. भाजीपाला, मिरची-कोथिंबीर, अंडी, सुकट, मुलांची एखादी वही, असे सारे त्या एका दिवशी घ्यावयाचे असते. बाजारानंतर दोन-तीन दिवस पानात पालेभाजी दिसते. पुढे वांगी, बटाटे, दोडके येतात आणि शेवटचे दोन दिवस पिठले, आमटी किंवा ठेच्यावर भागते. पालेभाजी आधी व टिकाऊ भाजी नंतर, हा क्रम कोणत्याही पुस्तकाने शिकविलेला नाही. तरीही तो शास्त्रास धरून आहे.

एका काल्पनिक कुटुंबाचा हिशोब

घरात आजी, आई-वडील, तिसरीतील एक मूल व सातवीतील एक मूल अशी पाच माणसे आहेत असे समजू. मोठ्यांचे व लहानांचे धरून माणशी सरासरी ३०० ग्रॅम धान्य रोज लागते असे मानले, तर रोजचे १.५ किलो व ३० दिवसांचे ४५ किलो होते. हे कुटुंब प्राधान्य गटातील असल्यास स्वस्त धान्य दुकानातून २५ किलो मिळते. उरलेल्या २० किलोंची सोय शेतातून किंवा बाजारातून करावयाची. वर्षाचा विचार केल्यास ही तूट २४० किलोंची, म्हणजे जवळजवळ अडीच क्विंटलांची होते. घरी किती पोती धान्य भरावयास हवे, याचे उत्तर येथे मिळते.

यात शालेय पोषण आहाराचा भाग मोजून पाहावा. शाळेतील आहारासाठी इयत्ता पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, तर सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. वरील दोन मुलांचे मिळून रोज २५० ग्रॅम धान्य होते. शाळेच्या २० दिवसांत ते ५ किलो भरते. म्हणजे शाळा सुरू असताना घरच्या २० किलोंच्या तुटीचा चौथा हिस्सा शाळेचे पातेले भरून काढते. उन्हाळी सुटीत तोच भार पुन्हा घरावर पडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोरडवाहू भागात मजुरी कमी असते. जूनमध्ये शाळेत परतलेली काही मुले उतरलेली का दिसतात, याचे एक कारण या साध्या बेरजेत सापडू शकेल.

सुटा माल, उधारी व रोकड

मोठे पुडके स्वस्त पडते व लहान पुडी महाग पडते, हे सर्वांस ठाऊक असते. समजा, चहाची १०० ग्रॅमची पुडी ४० रुपयांस व ५०० ग्रॅमचे पुडके १८० रुपयांस मिळते. पाच पुड्या घेणारे घर त्याच चहासाठी २० रुपये अधिक मोजते. परंतु हे उदाहरण वर्गात मांडताना शिक्षकाने येथेच थांबू नये. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात सायंकाळी हाती येते ती त्या दिवसाची मजुरी. तिच्यातून १८० रुपये एकदम बाहेर काढणे शक्य नसते. लहान पुडी घेणे हा अडाणीपणा नव्हे, ती रोकडीची अडचण होय. गरिबास तोच माल महाग का पडतो, हे मुलांना या एका उदाहरणातून जितके स्पष्ट कळेल, तितके मोठ्या व्याख्यानातून कळणार नाही.

उधारीचेही तसेच आहे. दुकानदाराच्या वहीवर घर चालते ते पीक हाती येईपर्यंत किंवा मजुरी मिळेपर्यंत. वही ही अडल्या वेळची सोय आहे, पण जिन्नस, वजन, दर व तारीख यांची नोंद घरीही असेल तरच तिच्यावर ताबा राहतो. अनेक घरांत ही नोंद करू शकणारी पहिली व्यक्ती म्हणजे शाळेत जाणारे मूल असते. काही गावांत बचत गटाच्या स्त्रिया तेल, डाळ असा माल एकत्र घेऊन वाटून घेतात. मोठ्या खरेदीचा लाभ लहान घरास मिळवून देणारा हा सरळ मार्ग आहे.

पानातील मेळ

पोट भरणे व पोषण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. केवळ भाकरी व मिरची खाऊन पोट भरते, परंतु शरीराची वाढ नीट होत नाही. धान्यातील प्रथिनांत जो घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी असतो तो धान्यात असतो. म्हणून भाकरी-आमटी, वरण-भात, खिचडी ही जुनी जोडी शास्त्रशुद्ध ठरते. पालेभाजी व डाळ यांतील लोह शरीरात नीट शोषले जावे यासाठी जेवणात लिंबू, कच्ची कोबी किंवा आवळा असावा. जेवणाबरोबर चहा घेतल्यास हे शोषण घटते.

पैशाचीच अडचण असेल तर परसदारी व बांधावर उपाय सापडतो. शेवग्याचा पाला, तांदुळजा, अंबाडी, घोळ व पावसाळ्यातील टाकळा यांस मोल द्यावे लागत नाही. शाळेतील परसबागेत ही रोपे लावली, तर मुले ती घरी नेतील.

याबरोबरच एक नाजूक बाब लक्षात ठेवावयास हवी. पुष्कळ घरांत आई सर्वांच्या शेवटी जेवते आणि भाजी संपली असेल तर कोरड्यासावाचून भाकरी खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याची कारणे अनेक आहेत, परंतु ताटातील हा क्रम त्यांपैकी एक होय. पाच माणसांच्या भाजीचे पाच सारखे वाटे करणे हे अपूर्णांकाचे उदाहरण आहे आणि चांगल्या वळणाचा पाठही आहे.

साठवण

भरलेले धान्य टिकले नाही तर सारा हिशोब फसतो. टोके व सोंडे यांस ओलावा मानवतो. म्हणून धान्य कडक उन्हात वाळवून, निवल्यावरच कणगीत किंवा कोठीत भरावे. दाताखाली दाणा कडकन फुटला तर तो वाळला असे समजावे. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालणे, डाळीस एरंडेलाचा हात लावणे, कोठी भिंतीपासून व जमिनीपासून थोडी वर ठेवणे आणि जुने धान्य आधी संपविणे, हे उपाय आजही उपयोगी आहेत. कीटकनाशक औषध खाण्याच्या धान्यात माहितीवाचून मिसळू नये.

वर्गातील उपयोजन

तिसरी-चौथीच्या वर्गात मुलांनी महिन्यांचे चक्र काढावे व कोणत्या महिन्यात कोणती भाजी, कोणते फळ व कोणते वाळवण असते ते भरावे. घरातील वृद्धांकडून चिपटे, मापटे, शेर व पायली या मापांची माहिती आणावी. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली होते. दुपटीची ही साखळी समजली की अर्धा, पाव व आठवा हिस्सा समजणे सोपे जाते. ही मापे आकारमानाची आहेत व किलो हे वजनाचे, हा भेदही येथेच दाखवावा. एक मापटे ज्वारी व एक मापटे पोहे काट्यावर ठेवले की शब्दांची गरज उरत नाही.

पाचवी ते सातवीच्या वर्गात ठरावीक रकमेत पाच माणसांच्या आठवड्याच्या अन्नाची आखणी करावयास द्यावी. दर मुलांनीच गावच्या बाजारातून आणावेत. पुडक्यावरील निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याची तारीख व वापरण्याची मुदत वाचावयास शिकवावे. आठवडी बाजाराच्या दिवशी पटावरील उपस्थिती घटते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. आई-वडील बाजारास गेले की धाकट्यास सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राहते. अशा गावात हा पाठ बाजाराच्या दुसऱ्या दिवशी घ्यावा व पालकसभेत त्या मुलींच्या गैरहजेरीचा विषय समंजसपणे काढावा.

या पाठात दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पहिले, मुलाने स्वतःच्या घरचा हिशोब किंवा काल रात्री काय जेवले ते सर्वांसमक्ष सांगावे, असे कधीही करू नये. वर्गात ज्याच्या घरी कणगी नाही, ज्याचे नाव दुकानदाराच्या वहीत थकले आहे, असे मूल असतेच. त्याने खोटे सांगावे किंवा मान खाली घालावी, अशी वेळ शाळेने आणू नये. म्हणून उदाहरणातील कुटुंब नेहमी काल्पनिक असावे. दुसरे, हा पाठ केवळ मुलींचा समजू नये. धान्य निवडणे, भाजी पारखणे, दर विचारणे व शिजविण्याचे माप ठरविणे ही कामे मुलांनीही तितक्याच जबाबदारीने शिकावीत.

शिक्षकाने मात्र शांतपणे, कोणास न कळू देता, पाहत राहावे. कोणते मूल सोमवारी पोषण आहार अधाशीपणे खाते, कोणते मूल धाकट्या भावंडासाठी डब्यात घास बाजूला ठेवते, कोणत्या घरी शिधापत्रिका नाही किंवा तिच्यात मुलाचे नाव चढलेले नाही, हे त्याच्या ध्यानात आले तर योग्य ठिकाणी एक अर्ज लिहून देणे त्यास कठीण नाही. शिधापत्रिकेत चढलेले एक नाव म्हणजे प्राधान्य कुटुंबासाठी दरमहा ५ किलो व वर्षाला ६० किलो धान्य होय. या गुणाकाराचे मोल शिक्षकाने ओळखावे व तो आपल्या गावात कोणासाठी मांडावयाचा राहिला आहे, याचा शोध घ्यावा.