भटजी गेला, मुहूर्त राहिला!

बौद्ध लग्नांत अलीकडे एक विसंगती डोळ्यांत खुपते. मंचावर तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा असतात, त्रिसरण-पंचशील होते. पण पत्रिकेवर वेळ असते दुपारी १२ वाजून ३६ मिनिटे! ही ३६ मिनिटे पंचांगातून आली. भटजी मंडपातून गेला, पण पत्रिकेत दबा धरून बसला.

आमचा विरोध कालगणनेला नाही. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी संपते. अशा ३० तिथींचा चांद्रमास होतो. दिवस-रात्रीच्या ६० घटिका. घटिका २४ मिनिटांची, मुहूर्त दोन घटिकांचा. हे निव्वळ गणित आहे. वैशाखी पौर्णिमा आम्हीही याच गणिताने पाळतो. मुहूर्त हे मुळात ४८ मिनिटांचे माप. त्याला शुभ-अशुभाचे शेपूट दक्षिणेसाठी चिकटले.

तेही गणित बिनचूक नाही. उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. परंपरा मात्र ते मकरसंक्रांतीला, १४-१५ जानेवारीला धरते. १९५५ साली अहवाल देणाऱ्या पंचांग सुधारणा समितीने ही सुमारे २३ दिवसांची तफावत मांडली. तिचे अध्यक्ष होते थोर शास्त्रज्ञ डॉ. मेघनाद साहा. विद्यार्थिदशेत वसतिगृहात ज्यांना जातीमुळे पंक्तीबाहेर बसावे लागले, त्यांनीच देशाची पंचांगे तपासली! त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली.

आणि कायद्याचा इतिहास आम्ही विसरलो काय? जोशीपण हे वतन होते. ग्रामजोशीला न बोलावता लग्न लावले तरी तो दक्षिणेसाठी कोर्टात दावा लावत असे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधकांनी याविरुद्ध झुंज दिली. पुढे १९२६ च्या मुंबई कायद्याने ही सक्ती संपवली. कायद्याने मोडलेली बेडी आम्ही हौसेने पायात का घालावी?

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीही दसराच निवडला. होय, पण साडेतीन मुहूर्तांतला एक म्हणून नव्हे. सम्राट अशोकाच्या धम्मविजयाचा दिवस म्हणून. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी इतिहास पाहिला, नक्षत्र नव्हे.

नक्खत्त जातकात हीच गोष्ट आहे. लग्न ठरवून मग नक्षत्र विचारायला गेलेल्यांना, आधी विचारले नाही म्हणून चिडलेल्या आजीवकाने दिवस अशुभ सांगितला. ते थांबले, मुलीकडच्यांनी मुलगी दुसऱ्याला दिली. नक्षत्रे जागच्या जागी, नवरदेव घरी!

म्हणून बांधवांनो, लग्नाची तारीख पाहुण्यांच्या सुट्टीवरून आणि खिशावरून ठरवा. वेळ ११ ची छापा आणि ११ लाच लग्न लावा. उपाशी पाहुण्यांना तीन-तीन तास ताटकळत ठेवणे, एवढीच काय ती आमच्या लग्नातली अशुभ वेळ आहे. जयभीम!