पाठाचे तुकडे, वर्गाची गट्टी

मुलांनो, बाईंनी प्रश्न विचारला की वर्गात काय होतं? पाच-सहा हात वर! "मी बाई, मी बाई!" आणि एखाद्याचं उत्तर चुकलं की बाकीच्यांचे डोळे चमकतात. खरं की नाही?

नेमकं हेच एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञांच्या नजरेत भरलं. साल होतं १९७१, गाव अमेरिकेतलं ऑस्टिन. तिथली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तोवर बहुतेक वेगवेगळ्या शाळांत जात. ती एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. ॲरनसन यांनी शिक्षा वाढवायला सांगितलं नाही. त्यांनी शिकवण्याची रीतच बदलली.

पाठाचे पाच-सहा तुकडे करायचे. तेवढ्याच मुलांचा गट, तोही वेगवेगळ्या घरांतल्या मुलांचा. प्रत्येकाला एकच तुकडा मिळणार. सगळ्या गटांतली सारख्या तुकड्याची मुलं आधी एकत्र बसून तयारी करतात, मग आपापल्या गटात येऊन तो शिकवतात. चाचणी मात्र पूर्ण पाठावर!

एका गटात घरी स्पॅनिश बोलणारा मुलगा होता. इंग्रजी बोलताना तो अडखळला, तशी बाकीची हसू लागली. तेव्हा त्यांना एवढंच सांगितलं, "हसून त्याच्याजवळची माहिती तुम्हाला मिळणार नाही, आणि चाचणी तर आहेच." मग मुलं त्याला नीट प्रश्न विचारू लागली. तो बोलू लागला. तो हुशार आहे, हे त्यांना तेव्हा कळलं! अशा वर्गांत मुलांना एकमेकं आवडू लागली. मागे पडणाऱ्यांचे गुण वाढले, गोऱ्या मुलांचे कमी झाले नाहीत.

आमच्या चौथीत मी आग्र्याहून सुटकेचा पाठ असाच घेते. पेटाऱ्यांचा तुकडा मुद्दाम अबोल मुलाला देते. तो बोलेपर्यंत महाराज आग्र्यातच! मग कालपर्यंत त्याला खेळात न घेणारी मुलंच "सांग ना रे, पुढे काय झालं?" म्हणून त्याच्या मागे लागतात. गलका होतो खरा. शेजारच्या वर्गातले सर डोकावून जातात. पण हा गलका भांडणाचा नसतो, आणि ही रीत रोज नाही, आठवड्यातून एकदा पुरते.

पालक विचारतात, "दुसऱ्याच्या चुकीने माझ्या मुलीचे मार्क जाणार नाहीत ना?" नाही. पेपर ज्याचा त्याने एकट्यानेच सोडवायचा असतो, आणि गटातल्या कुणी चुकीचं सांगितलं, तर दुरुस्त करायला मी असतेच.