पेटीमागच्या ताई

आमच्या अहिल्यानगरकडच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत गीतं सुरू करतात त्या ताईंचा सूर एकदा दोनदा चुकला. ‘आज काय झालंय यांना?’ बाहेर पडताना मीच कुजबुजले. मग कळलं, यजमान दवाखान्यात, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तरी बाई पेटीवर हजर! मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांची भजनं आपण अजून गातो. त्या भजनांमागच्या घराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचलेली, पण शेजारच्या ताईंचं घर मला दिसलं नाही. आता शनिवारी आम्ही दोघी-तिघी डबा घेऊन जातो, हात धरून पाच मिनिटं प्रार्थना करतो. उपदेश मात्र नाही. परवा त्या म्हणाल्या, “उद्याचं पहिलं गीत तुम्हीच निवडा गं.”