हॉर्न नाही, धूर नाही! भरतपूरच्या जंगलात गाडी बाहेर, सायकल आत. गावांनी काय कमावलं, काय गमावलं?

जंगल बघायला जायचं म्हटलं की डोळ्यासमोर येते ती उघडी जिप्सी, पुढे-मागे गाड्यांची रांग आणि धुरळा. पण आपल्या देशात एक राष्ट्रीय उद्यान असं आहे, जिथे पर्यटकाला आपली गाडी बाहेर ठेवावी लागते आणि जंगल बघावं लागतं ते पायी, सायकलवर नाहीतर रिक्षात बसून. राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान. तिकडचे लोक त्याला नुसतं 'घना' म्हणतात. घना म्हणजे दाट झाडी.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मग मूळ भरतपुरात नेमकं काय चालतं, गाडीबंदीचा फायदा कुणाला झाला आणि दुसऱ्या एका बंदीची किंमत कुणी मोजली, हे समजून घेण्यासारखं आहे.

जागा कशी आहे?

उद्यान भरतपूर शहराला अगदी खेटून आहे. क्षेत्रफळ जेमतेम २९ चौरस किलोमीटर. चारी बाजूंनी भिंत आणि भिंतीपलीकडे लगेच गावं आणि शेती.

हे पाणथळ जंगल माणसाच्या हाताने घडलं आहे. अठराव्या शतकात भरतपूरचे महाराजा सूरजमल यांच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ अजान बांध बांधला गेला. त्याचं पाणी इथल्या खोलगट जमिनीत येऊ लागलं. पुढे संस्थानिकांनी बांध-बंधारे घालून बदकांच्या शिकारीसाठी तळी तयार केली. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या दौऱ्यात एकाच दिवसात ४ हजारांहून जास्त पक्षी मारले गेले. या शिकारींचे आकडे कोरलेला दगडी फलक केवलादेवाच्या मंदिराजवळ आजही उभा आहे. हे मंदिर महादेवाचं आणि उद्यानाला नावही त्याच्यावरूनच पडलं.

पुढे शिकार थांबली. १९८१ मध्ये या जागेला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पाठोपाठ ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

सायकलच का?

पहिलं कारण साधं आहे. इथे लोक येतात ते वाघ बघायला नाही, पक्षी बघायला. साडेतीनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची इथे नोंद आहे. पक्षी आधी आवाजावरून कळतो, मग दिसतो. गाडीचं इंजिन सुरू असेल तर झाडीतली चिवचिव ऐकूच येत नाही. सायकलला आवाज नाही, वास नाही आणि पाहिजे तिथे पाय टेकवून थांबता येतं.

दुसरं कारण जमिनीचं. सगळा भाग सपाट आहे, चढ-उतार नाहीत. गेटपासून मंदिरापर्यंत सुमारे ५ किलोमीटरचा डांबरी रस्ता सरळ जातो. दोन्ही बाजूंना बाभूळ, कदंब, जांभूळ आणि त्यामागे पाणी. या रस्त्यावरून डावी-उजवीकडे मातीच्या बांधांवरच्या पायवाटा फुटतात. चारचाकी तिथे जाऊच शकत नाही, सायकल मात्र आरामात जाते. खरी मजा याच बांधांवर आहे. दोन्हीकडे पाणी आणि मधून आपण.

पावसाळ्याच्या शेवटाला पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाक, पाणकावळे आणि तिरंदाज यांची घरटी दाटीवाटीने असतात. एकेका झाडावर गावच वसलेलं. हिवाळ्यात उत्तरेकडून हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस आणि तऱ्हेतऱ्हेची बदकं येतात. कडेच्या चिखलात कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या फिरतात. थंडीत ऊन खायला बाहेर पडलेला अजगर दिसू शकतो. नीलगाय, चितळ आणि कोल्हे तर आहेतच.

रिक्षावाला झाला गाइड

गाडी आत जात नाही म्हटल्यावर ज्याला चालवत नाही, सायकल येत नाही, त्याने जायचं कसं? इथे भरतपूरच्या सायकल रिक्षावाल्यांना काम मिळालं. उद्यानात रिक्षा चालवायची तर पक्षी ओळखता यायला हवेत, म्हणून त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. रोज तोच रस्ता, तीच झाडं. त्यामुळे कुठल्या ढोलीत पिंगळा बसतो, सारसाची जोडी सकाळी कुठे असते, हे त्यांना पाठ असतं. शाळा फारशी न शिकलेला माणूस परदेशी पाहुण्याला पक्ष्याचं इंग्रजी नाव सांगतो, आणि त्याच्या कमाईत या माहितीचा वाटा मोठा असतो.

गणित बघा. गाड्या आत सोडल्या असत्या तर पर्यटक बाहेरून गाडी घेऊन आला असता, तासाभरात चक्कर मारून निघून गेला असता. सायकलवर किंवा रिक्षात तीच फेरी अर्धा दिवस खाते. माणूस थांबतो, चहा पितो, जेवतो, मुक्कामही करतो. पैसा गावात राहतो. अलीकडे आत बॅटरीवरच्या ई-रिक्षाही आल्या आहेत. आवाज-धूर नको ही अट त्यांनी पाळली, पण वेग वाढला की थांबणं कमी होतं, हेही खरं.

दुसरी बंदी, जी महागात पडली

भरतपूरची गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये आत गुरं चारायला बंदी आली. आसपासच्या गावांच्या म्हशी-गाई पिढ्यान् पिढ्या तिथेच चरत होत्या. लोकांनी विरोध केला, वाद चिघळला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकऱ्यांचा जीव गेला.

बरं, बंदीने पक्ष्यांचं तरी भलं झालं का? बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी तिथे अनेक वर्षं अभ्यास केला. त्यात दिसलं ते उलटंच. म्हशी पाण्यातलं गवत खायच्या म्हणून तळी मोकळी राहायची. म्हशी गेल्या आणि गवत माजलं. मोकळं पाणी कमी झालं, त्याचा फटका मासे आणि पाणपक्ष्यांना बसला. जे गावच्या गुराख्याला डोळ्यांनी दिसत होतं, ते कागदावर यायला अभ्यास लागला. नंतर गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी द्यावी लागली. पुढे जंगलात पसरलेली वेडी बाभूळ उपटायलाही गावच्याच समित्यांना हाताशी धरलं गेलं. बाभूळ मुळासकट काढायची आणि लाकूड घरी न्यायचं, असा तो व्यवहार.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. वरच्या बाजूला गंभीर नदीवर पांचना धरण झालं आणि उद्यानाचं पाणी आटलं. शेतकऱ्याला आधी की पक्ष्यांना आधी, हा वाद अनेक वर्षं चालला. २०१२ च्या सुमारास गोवर्धन नाल्यातून पाईपलाईनने पाणी आणायची सोय झाली. सायबेरियन क्रौंच मात्र परतले नाहीत. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली, ती शेवटचीच.

थोडक्यात, एकाच उद्यानात दोन बंद्या झाल्या. गाडीबंदीने गावच्या माणसाला आत जागा दिली, ती टिकली. चराईबंदीने गावच्या माणसाला बाहेर काढलं, ती सगळ्यांनाच नडली.

आपल्या नांदूर मध्यमेश्वरचं काय?

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बंधारा झाला, मागे गाळ साचला आणि पाणथळ तयार झाली. भरतपूरसारखंच, माणसाच्या हाताने घडलेलं पक्ष्यांचं घर. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. भोवती ऊस, द्राक्ष, कांदा आणि भरलेली गावं आहेत.

पर्यटन वाढणार हे नक्की. मग ठरवायचं एवढंच की गाड्यांची रांग थेट पाण्यापर्यंत न्यायची, की गाड्या लांब उभ्या करून गावच्या पोरांच्या भाड्याच्या सायकली आणि गावचेच गाइड पुढे करायचे. आणि कुठलाही नियम लावण्याआधी ज्यांची शेती-गुरं तिथे आहेत, त्यांना विचारायचं. भरतपूरने दोन्ही धडे देऊन ठेवले आहेत.

भरतपूरला जायचं असेल तर

• कधी: घरटी बघायची तर ऑगस्ट ते ऑक्टोबर. पाहुणे पक्षी बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुकं असतं, त्यामुळे घाई नको.

• कसं: मुंबईहून कोटा-मथुरा मार्गे दिल्लीकडे जाणाऱ्या काही रेल्वेगाड्या भरतपूरला थांबतात. आग्र्याहून रस्त्याने साधारण ५५ किलोमीटर.

• सायकल: गेटवर भाड्याने मिळते. घेण्याआधी ब्रेक, हवा आणि सीटची उंची तपासा. ओळखपत्र सोबत ठेवा. भाडं आणि तिकिटाचे दर बदलत असतात, तिथेच विचारा.

• सोबत काय: पाणी, टोपी, थंडीत जाड स्वेटर आणि जमली तर दुर्बीण. कपडे भडक रंगाचे नकोत.

• आत गेल्यावर: पक्षी दिसला की त्याच्या जवळ जाऊन करकचून ब्रेक मारू नका. लांबूनच वेग कमी करा, उतरा आणि गप्प उभे राहा. मोबाईलवर गाणी नकोत. घरट्यांकडे बोट दाखवत ओरडू नका.

• पहिल्यांदाच जात असाल तर: एक फेरी रिक्षावाल्यासोबत करा, दुसरी स्वतः सायकलवर. पहिल्या फेरीत तो दाखवेल ते दुसऱ्या फेरीत तुम्हाला आपलं आपण दिसायला लागेल.